मियाटाचा गिअर नेमका कधी बदलायचा?

सनीवेलकर
मंडळी, नमस्कार. अमेरिकेत आल्यापासून ऑटोमॅटिकच चालवत आलोय. मुलं कॉलेजला गेली, मोठ्या गाडीची गरज उरली नाही, आणि बायको म्हणाली, घ्यायचीच असेल तर गुडघे चालताहेत तोवर घे. म्हणून २०१९ ची वापरलेली मियाटा घेतली. भारतात विकली जात नाही, त्यामुळे सांगतो: माझदा एमएक्स-५, दोन सीटची, टप उघडणारी, ताकद मागच्या चाकांना. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, सहा गिअर, तीन पेडल.

गाडी शिकलो पुण्यात, मारुती ८०० वर. तिला आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा) काटाच नव्हता. इंजिन ओरडायला लागलं की वरचा गिअर, कण्हायला लागलं की खालचा, एवढंच शास्त्र. हिच्यात स्टिअरिंगच्या मागे मधोमध भलामोठा काटा आहे आणि लाल पट्टा थेट ७५०० ला. तिथवर न्यायची छातीच होत नाही.

तर प्रश्न असे. गाडी खरोखर पळवायची असेल तेव्हा गिअर कुठे बदलायचा? एक मित्र म्हणतो ४००० ला, कारण टॉर्क तिथे सर्वांत जास्त. दुसरा म्हणतो ७००० ला, कारण हॉर्सपॉवर तिथे सर्वांत जास्त. तिसरा म्हणतो लाल पट्ट्यापर्यंत ताण, बाकी सगळ्या गप्पा. तिघेही इंजिनिअर आहेत. दुसरं म्हणजे, रोज ऑफिसला जाताना कुठे बदलावा? आणि घाटात खालचा गिअर कधी टाकायचा? आमचा घाट म्हणजे साराटोगाहून डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्याला चढणारा हायवे ९.

ऑटोमॅटिकराव
गिअर बदलायची योग्य वेळ: ही गाडी विकून ऑटोमॅटिक घेताना. हलके घ्या. अभिनंदन, फोटो टाका.

बोरीबंदर
मित्र क्रमांक एक बरोबर आहे. टॉर्क म्हणजे ओढ. ओढ सर्वांत जास्त जिथे, तिथे गिअर बदलला की गाडी कायम ओढीत राहते. त्यापुढे नुसता आवाज आणि पेट्रोलचा धूर. माझी स्विफ्ट डिझेल २००० ला जी सुटते ती ३५०० पर्यंत, नंतर दम संपतो. वर्षानुवर्षं मुंबई-कोल्हापूर असंच करतोय, भल्याभल्यांना मागे टाकतो.

घाटवाट_पुणे
वाचतोय. माझ्याकडे छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, सहा गिअरची. डॅशबोर्डवरचा बाण मला ताशी ५० ला पाचवा टाकायला सांगतो. टाकला की ताम्हिणीत गाडी गुरगुरते पण हलत नाही. बाणाचं ऐकायचं की कानाचं, हेही कोणी सांगा.

पिस्टनपंत
बोरीबंदर, तुमचं मत इतक्या लोकांचं असतं की सविस्तर लिहितो. (मी डेट्रॉइटजवळ असतो, गिअरबॉक्सच्याच धंद्यात.)

इंजिनचा टॉर्क रस्त्याला कळत नाही. रस्त्याला कळतो तो चाकावर पोचलेला. आणि चाकावर पोचतो तो गिअरच्या गुणोत्तराने गुणून. खालच्या गिअरचं गुणोत्तर मोठं, वरच्याचं लहान. म्हणजे गिअर वर टाकला की तुम्ही ओढ विकून टाकता, आणि बदल्यात इंजिनचा वेग खाली येतो. प्रश्न फक्त हा, की हा सौदा कोणत्या क्षणी फायद्याचा ठरतो.

सनीवेलकरांच्या गाडीचे आकडे घेऊ. जास्तीत जास्त टॉर्क ४००० ला, सुमारे २०५ न्यूटन-मीटर. ताकद १८१ हॉर्सपॉवर, ७००० ला. आता हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क आणि वेग यांचा गुणाकारच, त्यामुळे उलटा हिशेब करता येतो: ७००० ला टॉर्क साधारण १८४ न्यूटन-मीटर उरतो. ४००० पासून ७००० पर्यंत जाऊन फक्त दहा टक्के घट.

गिअरची गुणोत्तरं: पहिला ५.०८७, दुसरा २.९९१, तिसरा २.०३५, चौथा १.५९४, पाचवा १.२८६, सहावा बरोबर १. पुढे डिफरन्शियल (मागच्या चाकांपाशीचं शेवटचं गुणोत्तर) सगळ्यांना सारखंच, म्हणून ते सोडून देऊ.

दुसऱ्या गिअरमध्ये ७००० ला आहात. १८४ गुणिले २.९९१, साधारण ५५०. त्याच क्षणी तिसरा टाकलात तर इंजिन ४७६० वर येईल. तिथे टॉर्क किती असेल ते सोडा, मी तुम्हाला शिखरावरचा पूर्ण २०५ देऊन टाकतो. २०५ गुणिले २.०३५, म्हणजे ४१७. पाचशे पन्नास कुठे आणि चारशे सतरा कुठे! तिसऱ्या गिअरला त्याचा सर्वोत्तम टॉर्क बहाल करूनही दुसरा गिअर तीस टक्क्यांनी पुढे आहे. दोघं बरोबरीला यायचे तर दुसऱ्यातला टॉर्क १४० पर्यंत पडायला हवा, आणि इतका पडायच्या आत लिमिटर (इंधन तोडून इंजिनचा वेग रोखणारी यंत्रणा) लागतो.

आता ४००० ला बदललं तर काय होतं बघा. तिसऱ्यात इंजिन २७०० वर येतं. तुम्ही ६१३ (२०५ गुणिले २.९९१) सोडून ४१७ पेक्षाही कमी घेतलात. "कायम ओढीत" राहायच्या नादात तिसरा हिस्सा ओढ टाकून दिली.

तर नियम असा: सध्याच्या गिअरमध्ये चाकावर मिळणारी ओढ वरच्या गिअरमध्ये मिळेल त्याहून कमी होईल, तेव्हा बदला. ही वेळ टॉर्कच्या शिखराला येत नाही, हॉर्सपॉवरच्या शिखरालाही येत नाही, त्याच्या थोडी पुढे येते. मियाटासारख्या टर्बो नसलेल्या, वर श्वास घेणाऱ्या इंजिनात ती लाल पट्ट्याच्याही पलीकडे जाते, म्हणून तुमच्या तिसऱ्या मित्राचं उत्तर बरोबर निघतं. कारण त्याला माहीत असेलच असं नाही.

एक व्यवहार: ७५०० म्हणजे तिथे हात हलवायला सुरुवात करायची नव्हे. पहिल्या गिअरमध्ये काटा इतका भरभर चढतो की डोळ्याने बघून हात हलेपर्यंत लिमिटर इंधन तोडतो आणि गाडी धक्के खाते. पहिल्यात ६८०० च्या आसपास मनाने तयारी, दुसऱ्यात-तिसऱ्यात ७२०० ला.

बोरीबंदर
मग माझी स्विफ्ट का पळते ते सांगा.

पिस्टनपंत
कारण ती डिझेल आहे. गणित तेच, उत्तर वेगळं. तुमचं १.३ चं इंजिन २००० ला १९० न्यूटन-मीटर देतं आणि ४००० ला ७५ पीएस. उलटा हिशेब केलात तर ४००० ला टॉर्क उरतो साधारण १३१. मियाटा ज्या टप्प्यात दहा टक्के गमावते, तिथे तुमची गाडी तीस टक्के गमावते. त्यामुळे दोन गिअर ४००० च्या जरा पुढे बरोबरीला येतात. तिथवर नेऊन बघा. ३५०० ला बदलता तेव्हा तुम्हीही थोडं सोडताच, पण डिझेलमध्ये ते फारसं जाणवत नाही. आणि भल्याभल्यांना मागे टाकता ते बहुधा त्यांना शर्यत चालू आहे हे माहीत नसतं म्हणून.

बोरीबंदर
शेवटचं वाक्य मनाला लागलं. बाकी पटलं.

योकोहामाचा_विनू
पिस्टनपंत +१. यात एक भर. काही इंजिनं अशी असतात की "कुठे बदलायचा" यापेक्षा "बदलल्यावर कुठे पडतो" हे महत्त्वाचं. माझ्याकडे जुनी होंडा एस२००० आहे, १९९९ ला आली ती पहिली दोन लिटरवाली. लाल पट्टा ९०००. तिच्यात कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, दोन प्रकारचे उंचवटे असतात. ६००० च्या थोडं अलीकडे इंजिन दुसऱ्या, उंच उठावाच्या कॅमवर जातं आणि गाडीचा स्वभावच बदलतो. त्याच्या खाली ती एक साधी, जरा आळशी होंडा.

पहिल्याचं गुणोत्तर ३.१३३, दुसऱ्याचं २.०४५. ९००० ला बदलला तर ५८७५ वर पडता, म्हणजे बरोबर उंबरठ्यावर. ८००० ला घाबरून बदलला तर ५२२० वर, आणि मग पुन्हा चढेपर्यंत वाट बघत बसा. होंडाने ही गुणोत्तरं ९००० गृहीत धरूनच जुळवली आहेत हे पहिल्याच दिवशी कळतं. दुसऱ्या-तिसऱ्यानंतर अंतर कमी होत जातं, तिथे एवढी कसरत नाही.

धागाकर्त्यांच्या गाडीला असा उंबरठा नाही, त्यामुळे चुकून लवकर बदलला तरी ती रुसत नाही. नवशिक्याला मियाटा बरी म्हणतात त्याचं हेही एक कारण.

सनीवेलकर
पिस्टनपंत, दंडवत. तिन्ही मित्रांना लिंक पाठवली आहे, पहिल्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पण मग एक व्यावहारिक अडचण. लाल पट्ट्यापर्यंत न्यायचं म्हणजे इथल्या रस्त्यावर तुरुंगात जायची तयारी ठेवायची का?

मीरा_म
तुमच्या गाडीचं मी मांडून दाखवते, माझ्याकडेही याच पिढीची आहे. सतरा इंची चाकांवर, ७५०० ला, पहिला गिअर ताशी ३७ मैल, दुसरा ६३, तिसरा ९३. म्हणजे कॅलिफोर्नियात कायद्यात राहून पूर्ण ताणता येतात फक्त पहिले दोन. त्यांची जागा म्हणजे फ्रीवेवर चढायचा रॅम्प. रॅम्पच्या तोंडाशी दुसरा, सरळ झालात की पाय पूर्ण खाली, ६३ ला एकदम चौथा किंवा पाचवा. एवढ्यात गाडी काय आहे ते कळतं आणि पोलिसाला त्यात काही सापडत नाही.

अवांतर: ६० मैलांपर्यंत किती सेकंद, हा आकडा अमेरिकन मासिकं छापतात. दुसरा गिअर ६० च्या जरा पुढे संपणाऱ्या गाड्या इतक्या का दिसतात, याचं गुपित तिथे आहे. तिसरा टाकावा लागला तर तेवढा वेळ वाया.

आता हायवे ९. तिथे ताशी ३५ मैलांना दुसऱ्यात ४१५०, तिसऱ्यात २८००, चौथ्यात २२०० आरपीएम. मी चढाला सगळा रस्ता दुसरा-तिसरा करते. दोन वळणांमध्ये जेमतेम शंभर फूट असतील तर तिसरा टाकून पुन्हा दुसरा टाकायचा कशाला? दुसऱ्यात ६००० पर्यंत चढू द्या, पाय सोडा, पुढच्या वळणात शिरा. एकेका बदलात गाडी क्षणभर बेवारस असते, आणि त्यातून मिळतं काहीच नाही. लगुना सेकाच्या ट्रॅकवरही मी हेच शिकले: जिथे हात हलवायची खाज येते अशा अर्ध्या जागी न बदललेलं बरं.

गिअर वळणाच्या आधी, सरळ असताना. वळणात नाही. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत वळणाच्या मध्यावर खालचा गिअर टाकून क्लच फटकन सोडला तर मागच्या चाकांना अचानक ब्रेक लागल्यासारखं होतं आणि शेपूट बाहेर येते. पावसात, रेडवुडच्या सावलीत ओल्या पाल्यावर तर हमखास.

आणि गाडी तापल्याशिवाय काहीही नाही. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे तेल तापलं असं नव्हे, तेल बरंच मागे असतं. तोवर मी ३५०० च्या वर जात नाही. थंडीत सकाळी पहिल्यावरून दुसरा जरा कडक लागतो, तेव्हा जबरदस्ती करू नका. गिअरबॉक्सचं तेलही थंडच असतं, त्याला इंजिनपेक्षा जास्त वेळ लागतो.

घाटवाट_पुणे
"क्षणभर बेवारस" आवडलं. माझा बाण मात्र अनुत्तरित.

टेकडीखालचा
बाणाचं मी सांगतो, पुण्यात वाहनचाचणीत काम केलंय. (एआरएआय या वाहनचाचणी संस्थेची टेकडी, तिच्या खाली घर. नावाचा उलगडा झाला.) बाण तुम्हाला मदत करायला बसवलेला नाही, इंधन वाचवायला बसवलाय. इंजिन जितकं हळू फिरेल आणि पाय जितका खोल, तितकं एक लिटरमध्ये अंतर जास्त, हे बऱ्याच मर्यादेपर्यंत खरं आहे. सपाट रस्त्यावर, एकटे असताना, घाई नसताना बाणाचं ऐकलं तर खरोखर पैसे वाचतात.

गाडी किती इंधन पिते ते मोजणाऱ्या युरोपच्या जुन्या एनईडीसी चाचणीत मॅन्युअल गाडीचे गिअर कुठे बदलायचे हे ठरलेलंच होतं: ताशी १५ ला दुसरा, ३५ ला तिसरा, ५० ला चौथा, ७० ला पाचवा. गाडी नॅनोसारखी असो की पोर्शेसारखी, वेग तेच. नंतरच्या डब्ल्यूएलटीपीमध्ये प्रत्येक गाडीच्या ताकदीवरून आणि वजनावरून हिशेब करून ठरवतात, ते जास्त शहाणपणाचं. आपल्याकडची एमआयडीसी चाचणी जुन्या घराण्यातली, फक्त वरचा वेग ९०. (ही एमआयडीसी म्हणजे भोसरीची नव्हे.)

ताम्हिणीत मात्र बाणाला चढ दिसतोच असं नाही. तिथे कान.

पिस्टनपंत
टेकडीखालच्यांशी सहमत, आणि घाटवाट, तुमच्या गाडीबाबत एक जादा इशारा. छोटं टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन इंजिन, वरचा गिअर, १४०० आरपीएम आणि पाय पूर्ण खाली, हे एकत्र करू नका. अशा स्थितीत ठिणगी पडायच्या आधीच सिलिंडरमधलं मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि एखादा असा झटका पिस्टनला पुरतो. हळू जायचं तर वरच्या गिअरमध्ये खुशाल जा. जोर हवा असेल तर आधी गिअर खाली, मग पाय खाली. सायकलवर चढाला मोठ्या गिअरमध्ये उभं राहून पेडल मारल्यावर गुडघ्याचं जे होतं तेच इथे बेअरिंगचं होतं.

अमेरिकेतला याच जातीचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. १९८९ च्या कॉर्व्हेटला सहा गिअरचं मॅन्युअल आलं, तेव्हा इंधनाच्या सरकारी आकड्यात बसवण्यासाठी त्यांनी एक खोडी घातली. हलक्या पायाने पहिल्यात निघालात आणि दुसरा टाकायला गेलात की एक खिट्टी दुसऱ्याची वाट बंद करायची आणि दांडा सरळ चौथ्यात जायचा. पाय जोरात दिला की खिट्टी गप्प. पुढे वर्षानुवर्षं लोक ती काढून टाकण्याचे सुटे भाग विकत घेत राहिले. चाचणीत आकडा छान, घरी आल्यावर पाना-पकड.

सनीवेलकर
रोजच्यासाठी मग मी काय करू? आणि एक गोष्ट खटकते. पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना क्लच दाबला तरी काटा लगेच पडत नाही, वरच रेंगाळतो. क्लच सोडला की मान हलते. ८०० ला असं कधी झालं नाही.

पिस्टनपंत
रेंगाळणं हे आजच्या बहुतेक गाड्यांत आहे. पाय काढला तरी संगणक थ्रॉटल एकदम मिटवत नाही, हळूहळू मिटवतो, म्हणजे धूर स्वच्छ राहतो. तुमच्या ८०० मध्ये मध्यस्थ नव्हता, केबल होती.

त्यात पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर तुमच्या गाडीत सर्वांत मोठं. ३००० ला बदललात तर दुसऱ्यात इंजिनला १७५० वर यायचंय. काटा तिथे पोचायच्या आत क्लच सोडला तर फरक तुमच्या मानेत जाणार. दोन उपाय. एकतर क्लच दाबायच्या क्षणभर आधी पाय पूर्ण काढा, किंवा दांडा हलवताना न्यूट्रलपाशी श्वासभर थांबा. पाचव्या-सहाव्यापर्यंत ही अडचण राहत नाही, कारण अंतरच कमी.

रोजच्यासाठी: सपाटीवर २५०० ते ३००० ला बदलत चला, १५०० च्या खाली जोर मागू नका. तुमची गाडी ताशी ४० मैलांना सहाव्यात १६०० वर फिरते, नुसतं रेंगाळायला ठीक, पण पुढे हिरवा सिग्नल दिसला तर चौथा टाका, २५०० वर येते. ६५ ला सहाव्यात २६००. मियाटाचा सहावा हा फार निवांत गिअर नाही, म्हणून फ्रीवेवर ती जरा बडबडते. बिघाड समजू नका. सिग्नलजवळ येताना प्रत्येक गिअर उलटा मोजत यायचीही गरज नाही. ब्रेक लावा, वेग पडू द्या, आणि पुन्हा निघायचं असेल तेव्हा जो लागेल तो थेट टाका. ब्रेकचे पॅड क्लचपेक्षा कितीतरी स्वस्त.

एसटीचा_पोर
पंत, बाकी सगळं मान्य, पण शेवटचं वाक्य घाटात लागू करू नका. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, कुंभार्ली घाटात हयात गेली. त्यांचा एकच नियम: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. न्यूट्रल करून उतरू नका असे फलक आपल्या घाटांत उगाच नाहीत.

त्यांच्या सुरुवातीच्या गाड्यांना सिंक्रो (गिअरचे वेग आपोआप जुळवणाऱ्या कड्या) नव्हते. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. रेस कमी पडली की दात कराकरा वाजायचे आणि अख्खी बस ड्रायव्हरकडे बघायची. आरपीएमचा काटा वगैरे काही नाही, सीटमधून येणाऱ्या थरथरीवर सगळं. स्पोर्ट्‌स कारवाले टाच-बोट म्हणून जे मिरवतात ते आमच्या डेपोत वेगळ्या रूपात रोजंदारीवर चालायचं.

टेकडीखालचा
+१. शिवाय ज्यांना न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचतं असं वाटतं त्यांच्यासाठी: इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय काढला की इंधन पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला थोडं थोडं जळत राहतं.

पिस्टनपंत
पोरा, मान्य. माझं ते वाक्य सिग्नलसाठी होतं. हायवे ९ उतरताना तिसरा, आणि आखूड वळणांना दुसरा. ब्रेक फक्त वळणाआधी, आणि ठोस.

मीरा_म
टाच-बोटावर सनीवेलकरांसाठी दोन शब्द, कारण खालचा गिअर कधी, हे अजून अर्धंच झालंय. वेळ अशी: ब्रेक मारायला सुरुवात केल्याबरोबर नाही, ब्रेक संपत आल्यावर. दुसऱ्याची कमाल ६३ मैल. तुम्ही ७५ वरून ब्रेक मारताय आणि घाईने दुसरा टाकलात तर क्लच सोडताच इंजिन ९००० ला जाईल. मी ५० च्या खाली आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही.

क्रिया अशी: उजव्या पावलाचा चवडा ब्रेकवर, डाव्या पायाने क्लच, दांडा खाली, आणि क्लच दाबलेला असतानाच उजव्या पावलाची बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर टेकवून एक छोटी रेस. ४० मैलांना तिसऱ्यावरून दुसऱ्यात जाताना काटा ३२०० वरून ४७५० वर न्यायचाय, म्हणून रेस तेवढीच. जमलं की क्लच सोडताना काहीच कळत नाही. एसटीच्या बाबांसारखं मध्ये क्लच सोडायची गरज नाही, सिंक्रो ते काम करतात. आधी ब्रेकशिवाय, रिकाम्या सरळ रस्त्यावर नुसती रेस जुळवून बघा. पाय नंतर वळवा.

आणि सर्वांत महाग प्रकार, ज्याला इथे मनी शिफ्ट म्हणतात. तिसऱ्यात ७००० ला आहात, चौथा हवाय, उत्साहात दांडा मागे आणि जरा डावीकडे ओढलात. लागला दुसरा. क्लच सोडल्यावर चाकं इंजिनला १०,३०० वर फिरवतात. लिमिटर काही करू शकत नाही, तो फक्त इंधन तोडतो, चाकांचा जोर त्याला तोडता येत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात आणि नवं इंजिन घ्यावं लागतं. म्हणून दांडा मुठीत आवळू नका. तिसऱ्यावरून चौथ्यात जाताना तळहात उघडा, बोटांनी सरळ मागे. दांडा स्वतःच्या स्प्रिंगने मधल्या रांगेत राहतो, त्याला तुमची दिशा नको असते.

ऑटोमॅटिकराव
वाचून माझ्या गाडीवरचं प्रेम वाढलं.

योकोहामाचा_विनू
मीराताई, तळहाताचं अगदी बरोबर. इथे उजव्या बाजूला स्टिअरिंग, दांडा डाव्या हाताला, त्यामुळे आमच्याकडे दुसऱ्याची रांग अंगापासून दूर असते. अमेरिकेत ती अंगाकडे असते, आणि चौथा टाकताना दांडा आपसूक अंगाकडे ओढला जातो. सनीवेलकरकाका पुण्यात डाव्या हाताने शिकलेत आणि आता उजव्या हाताने टाकताहेत, त्यांनी जास्त सांभाळावं.

सनीवेलकर
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि बरोबर आहे, माझा हात दुसऱ्याकडेच झुकतो. उद्यापासून तळहात.

रॅम्पचा प्रयोग आज केला. ७२०० पर्यंत नेली. ५००० नंतर ती जी काही होते त्याबद्दल इथे कोणी आधी लिहिलं का नाही? बायको शेजारी होती, ती म्हणाली पुन्हा पुढच्या एक्झिटला उतरून परत चढ.

मीराताई, ट्रॅकवर जायचं झालं तर लगुना सेका की थंडरहिल?

मीरा_म
पहिल्यांदा थंडरहिल. विलोजला आहे, लांब पडतं, उन्हाळ्यात भाजून निघाल, पण ट्रॅकबाहेर मोकळं गवत भरपूर. लगुनाला आवाजाची मर्यादा असते, ती तुमच्या मूळ सायलेन्सरला अडचणीची नाही, पण तिथल्या कॉर्कस्क्रू नावाच्या उतारावर आंधळं वळण घेताना डोक्यात गिअर नको. प्रशिक्षक शेजारी बसेल असा दिवस निवडा आणि त्याला आधीच सांगा की मॅन्युअल नवी आहे. बहुतेक जण पहिला अर्धा दिवस फक्त तिसरा-चौथा वापरायला लावतात. निघण्याआधी ब्रेकचं तेल नवं घालून घ्या, तपासणीच्या फॉर्मवर ते विचारतात.

बोरीबंदर
आज घाटात स्विफ्ट ४२०० पर्यंत नेली. पंत, तुम्ही म्हणालात ते खरं आहे, पण आवाज फार वाईट येतो.

पिस्टनपंत
तो डिझेलचा आहे, त्याला माझा इलाज नाही.